अर्ध्या तांदळाएवढं लोखंड

आमच्या घरात जवसाशिवाय दुसरं तेल मी लहानपणी पाहिलं नाही. भाजी त्यात, भाकरीवर तेच, बंडीच्या आखाला तेच आणि हिवाळ्यात आईच्या फुटलेल्या टाचांनाही तेच. आसगावच्या बाजूला आमच्या थोड्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं होती. धान उभं असतानाच त्याच्या ओलीवर जवस फेकायचं, धान कापून नेलं की ते वर यायचं आणि पौषात त्याच्या फुलांनी सगळ्या बांध्या निळ्या व्हायच्या. या तेलाचा वास ज्याला सहन होत नाही तो आमच्याकडचा नाही, एवढं धरून चालावं. हे आधी सांगतो, कारण पुढे जे झालं ते या तेलानं झालं. तेलानं म्हणजे माझ्यानं.

मी चौथी शिकलो आहे. पोलिसात शिपाई म्हणून लागलो तेव्हा उंची आणि छाती मोजायचे, शाळेचं फार विचारायचे नाहीत. अर्ज लिहायचा झाला तर मला दुसऱ्याचं तोंड पाहावं लागे, आणि ते मला कधी आवडलं नाही. पण रायफल मी कोणाला न विचारता शिकलो. डोळ्यांवर दुपट्टा बांधून मी तिचा बोल्ट सुटा करायचो आणि पुन्हा जोडायचो. मॅट्रिक झालेली पोरं पुस्तक उघडून बसायची आणि शेवटी माझ्याकडेच यायची.

बोल्ट म्हणजे रायफलच्या पाठीवरचा लोखंडी दांडा. तो उचलून मागे ओढला की रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढे ढकलला की नवी गोळी नळीत जाते. त्याच्या तोंडाशी एका खाचेत लहानसा आकडा बसवलेला असतो. गोळीच्या बुडाची कड पकडायची आणि गोळी उडाल्यावर पुंगळी ओढून काढायची, एवढंच त्याचं काम. इंग्रजी नाव मोठं आहे, आम्ही आकडाच म्हणायचो. त्या आकड्याची नखी अर्ध्या तांदळाएवढी. ती मोडली की चार किलोंची रायफल आणि घरातली काठी सारखीच.

बंदुका ठेवायच्या खोलीला आम्ही कोत म्हणायचो. तिथला हवालदार म्हातारा होत आला होता. चष्म्याची एक दांडी मोडली होती, तिच्या जागी सुतळी. नवीन भरती आली की तो पहिल्याच दिवशी सांगायचा, "लाकडाले जवस, लोखंडाले सरकारी तेल. ज्यानं उलटं केलं त्याची माह्याशी गाठ हाय."

मीही ते ऐकलं होतं. पण सरकारी तेल पाण्यासारखं पातळ. पावसाळ्यात रात्रपाळी करून आलं की दोन दिवसांत नळीवर तांबूस धूळ धरायची. रायफलच्या लाकडी दस्त्याच्या बुडाशी एक झाकण असतं, त्याखाली तेलाची पितळी कुपी. एका दिवाळीत सुटीवरून येताना मी घाण्यावरचं घरचं तेल आणलं. कुपीतलं सरकारी तेल ओतून दिलं आणि तिच्यात जवस भरलं. दस्त्याला तेच, नळीला तेच, बोल्टलाही तेच. चिंधीनं घासत राहिलं की लोखंडावर काचेसारखा थर चढायचा. हात फिरवला तर बोटाला काही लागायचं नाही. मला वाटलं, आपण सरकारपेक्षा शहाणे निघालो.

त्याच हिवाळ्यात वरून साहेब तपासणीला आले. रांगेतून चालत माझ्यासमोर थांबले, रायफल हातात घेतली, खिशातला पांढरा रुमाल काढून नळीवरून फिरवला. रुमाल पांढराच राहिला. साहेबांनी रायफल वर धरली आणि सगळ्यांना म्हणाले, "हत्यार असं ठेवायचं असतं." पन्नास माणसं ऐकत होती. साहेब गेल्यावर कोत हवालदारानं नळीवर अंगठा घासून पाहिला. मग अंगठ्याकडे पाहिलं.

"काय लावते बे हिले?"

"हात लावतो," मी म्हणालो.

पोरं हसली. म्हातारा हसला नाही. पण साहेबांनी वाखाणलेल्या रायफलीला तो तरी काय म्हणणार? पुढचे कितीतरी दिवस माझी मान ताठ होती. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं होतं.

आता दादाबद्दल सांगतो. तो आमच्यात शिपाईच होता, पण माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, म्हणून मी दादा म्हणायचो. लाखांदूरकडच्या एका खेड्यातला. बौद्ध झालेलं घर, स्वतःची जमीन नाही. त्याची आई दुसऱ्यांच्या शेतावर मजुरीला जायची. घरात वर्दी घालणारा तो पहिला, आणि ती वर्दी तो अशी घालायचा की तिच्या घडीवर बोट कापलं जावं. सातवी झाला होता, माझे अर्ज तोच लिहायचा. मला तो पाटील म्हणायचा. आम्ही पाटील नव्हतो, साधे कुणबी. पण त्याच्या गावात जमीनवाल्या कोणालाही पाटील म्हणायची रीत असावी. कधी तो ते गमतीनं म्हणायचा. कधी गंमत नसायची, आणि ते मला कळायचं.

हवालदार व्हायच्या यादीतून दादाचं नाव दोनदा मागे राहिलं होतं. या वेळी ते वर गेलं होतं. चांदमारीत, म्हणजे वर्षाच्या नेमबाजीच्या सरावात, बऱ्यापैकी गुण हवे होते आणि कागदावर कुठलाही डाग नको होता. "यंदा फीत नाही लागली तर मंग नाहीच लागत," तो मला म्हणाला होता. "माय वाट पाहून राहिली. तिले वाटते, फीत लागली का पोरगा साहेब झाला."

हे साल अठ्ठ्याहत्तर असेल किंवा एकोणऐंशी. चांदमारी एका टेकडीच्या पायथ्याशी व्हायची. टेकडीला लागून मातीचा उंच बांध, त्याच्यापुढे निशाणाच्या पाट्या, आणि शंभर यार्डांवर आम्ही पालथे पडून गोळ्या मारायचो. बाजूला एक बोडी, म्हणजे लहान तळं, तिच्या पलीकडे दहा-बारा घरांची टोली. गुराख्यांनी येऊ नये म्हणून लाल निशाण लावायचं. माणसं पन्नास, रायफली दहा. एक तुकडी उठली की त्याच रायफलींवर दुसरी तुकडी झोपायची. त्या दहा रायफली कोत हवालदारानं निवडल्या होत्या, आणि साहेबांनी वाखाणलेली म्हणून माझी त्यांत पहिली होती.

मी पहिल्या तुकडीत होतो. सकाळची थंडी होती, गवतावर दव होतं. दुसऱ्याच गोळीला मला कळलं की बोल्ट जड जातो आहे. पुढे ढकलला की शेवटी बोटभर अडायचा. मी तळहाताचं बूड दिलं, तो बसला. तिसऱ्याला तसंच, चौथ्याला तसंच. थंडी आहे, मी मनाशी म्हणालो. दहापैकी आठ गोळ्या पाटीवरच्या काळ्या गोलात बसल्या. उठलो तेव्हा कोणाला काही बोललो नाही. साहेबांनी वाखाणलेली रायफल जड चालते, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार?

सांगितलं नाही ते नाहीच, उलट दादा पुढच्या तुकडीत येताना दिसला तेव्हा मी त्याला हाक मारली. "दादा, माही घे. लोण्यावानी चालते."

"पाटील म्हणते तर घेतो बाबा," तो म्हणाला आणि माझ्या रायफलीवर झोपला.

रायफल माझ्या नावावर, म्हणून मी त्याच्या उजव्या बाजूला गुडघ्यावर बसलो होतो. तीन गोळ्या त्यानं नीट मारल्या. चौथीला बोल्ट पुढे जाऊन थांबला. दादानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"जड जाऊन राहिला गा."

"थंडी हाय. हाण तळवा."

"हाणू?"

"हाण ना. मी बी तसाच बसवला."

त्यानं तळहात हाणला. बोल्ट बसला, गोळी उडाली, आणि मागे ओढला तेव्हा बोल्ट रिकामाच आला. पुंगळी नळीतच राहिली होती. दादानं पुन्हा पुढे-मागे केलं. मग बोल्ट बाहेर काढून तोंड पाहिलं. आकड्याची नखी मोडली होती.

आमच्यावर एक तरुण फौजदार होते. माणूस वाईट नव्हता, पण नवा होता आणि नव्या माणसाला कागदाची भीती जास्त असते. त्यांनी सगळ्यांना थांबवलं. बोल्ट हातात घेऊन पाहिला.

"तळहात मारत होतात. मी पाहिलं. हात आहे की घण?"

दादा सावधानमध्ये उभा होता. मी बाजूला उभा होतो. मी सांगितलं म्हणून मारला, हे एक वाक्य होतं. दादा ते बोलला नाही. मीही बोललो नाही.

"मोडलेला तुकडा शोधा," फौजदार म्हणाले. "तुकडा कोतात जमा झाला पाहिजे. नाही मिळाला तर मला दोन गोष्टी लिहाव्या लागतील. जोर करून भाग मोडला आणि मोडलेला भाग हरवला. तुमचं नाव कुठे गेलेलं आहे, तुम्हाला माहीत आहे ना?"

"हो साहेब," दादा म्हणाला.

मग आम्ही सगळे रांगेत गुडघ्यांवर बसलो आणि गवत चाचपू लागलो. अर्ध्या तांदळाएवढं लोखंड, आणि वर्षानुवर्षांच्या टाचांनी भुगा झालेली माती. कोणाला गंजलेली टाचणी मिळाली, कोणाला जुनी पुंगळी, एकाला विडीचं थोटूक, ते त्यानं खिशात ठेवलं. ऊन वर आलं. एकेक जण कंबर धरून उठू लागला.

तुकडा मला सापडला. जिथे मी बसलो होतो तिथेच, गवताच्या एका बुंध्यात अडकला होता. मी तो बोटांत धरला. बाहेरच्या अंगाला तो काळा होता, मोडला तिथे पांढरा, आणि आतल्या अंगाला गुळाच्या रंगाचा काहीतरी थर होता. नखानं खरवडला तर डिंकासारखा सुटला. तो काय आहे, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. आमच्या देवळीतल्या दिव्याच्या बुडाशी तसाच थर धरायचा, आई तो विळ्यानं खरवडायची. जवस वाळलं की तसं होतं. आकडा खाचेत हलला पाहिजे, गोळीची कड आली की उचलला गेला पाहिजे. मी त्याला माझ्या तेलानं खाचेत चिकटवून टाकला होता. मग तळहात मारल्यावर तो मोडणार नाही तर काय होईल?

हात वर करून ओरडायचं होतं. तेवढंच काम होतं. मी मूठ मिटली.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं, ते आज सजवून सांगत नाही. मला रुमाल दिसत होता, साहेबांचा पांढरा रुमाल. आणि कोत हवालदाराचा अंगठा. पन्नास माणसांसमोर मिळालेलं पन्नास माणसांसमोर परत द्यावं लागेल, एवढंच मला दिसलं. दादाची फीत मला दिसली नाही. ती नंतर दिसली.

दरम्यान दादा उठून उभा राहिला. गुडघ्यांची माती झटकली आणि फौजदारांना म्हणाला, "साहेब, असं नाही मिळायचं. मले सूप आणू द्या."

"सूप?"

"हो साहेब. इथली माती झाडून घोळतो. जड ते मागं राहते."

फौजदारांनी मान हलवली. दादा बोडीच्या काठानं टोलीत गेला. परत आला तेव्हा हातात सूप आणि खराटा होता आणि मागे एक म्हातारी बाई होती. सूप कुठे जातं ते पाहायला ती आली होती.

"शिपाईबुवा, सूप कायले पायजे तुमाले?" ती वाटभर विचारत आली असावी, कारण दादा थकून म्हणाला, "मातेरं घोळाचं हाय, माय."

"खाकी घालून?"

"खाकी घालून."

मातेरं म्हणजे खळ्यातली शेवटची माती. धानाची रास उचलून नेली की खाली जमिनीवर जे दाणे मातीत मिसळून राहतात, ते झाडून मजूर बायांना द्यायचे. आमच्याही खळ्यात द्यायचे. त्या बाया दिवसभर उन्हात बसून ती माती सुपात घोळायच्या आणि पायलीभर मातीतून ओंजळभर धान काढायच्या. मी लहानपणी बंडीवर बसून ते पाहिलं होतं. त्यात मला काही वाटण्यासारखं आहे, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

दादानं टोपी काढून बाजूला ठेवली. झोपायच्या जागेभोवतालची सगळी माती खराट्यानं झाडून ढीग केला आणि उकिडवा बसला. सूप धरायची त्याची रीत पाहून म्हातारी पुढे आली आणि वाकून पाहू लागली. दोन्ही मनगटं अशी फिरायची की माती सुपात पाण्यासारखी घरंगळायची. भुसा वर, बारीक माती पुढे, खडे मागे. खडे तो तळहातावर घ्यायचा, बोटानं पसरायचा, टाकून द्यायचा. मग दुसरं सूप.

"कोनी शिकवलं रे?" म्हातारीनं विचारलं.

"मायनं. लोकाईच्या खळ्यातलं मातेरं घोळून पोसलं तिनं आमाले."

तो हे हळू बोलला, पण ते ऐकू जायचं तेवढ्यांना गेलं. मागून एक जण म्हणाला, "मंग बरं हाय दादा. दाने निंगाले तं संध्याकाळचं बी भागते."

पोरं हसली. मीही हसलो. मूठ मिटलेली होती आणि मी हसलो. आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी अडेलपणा केला, त्यातल्या बहुतेकांचं मला काही वाटत नाही. या हसण्याचं वाटतं.

दादानं मागे पाहिलं नाही. त्याचे कान तेवढे लाल झाले. सूप फिरत राहिलं.

लघवीला जातो सांगून मी पळसांच्या मागे गेलो. तिथे एका दगडावर तो तुकडा घासला. आधी नखानं खरवडला, मग दगडावर, मग चिंधीनं पुसला. गुळाचा रंग पार गेला, लोखंड चांदीसारखं निघालं. माझं म्हणणं असं होतं की तुकडा सापडेल, हरवल्याचा ठपका दादावर येणार नाही, आणि तेलाचंही कोणाला कळणार नाही. सगळ्यांचं भागेल. मी हे अगदी न्यायानं वागल्यासारखं ठरवलं. आणि तरी लगेच टाकला नाही. परत येऊन उभा राहिलो तर फौजदार ढिगाजवळच खुर्ची टाकून बसले होते. ते उठायची वाट पाहत मी उभाच राहिलो. दोन तास झाले असतील. पन्नास माणसं सावलीला बसली होती, एक माणूस उन्हात सूप घोळत होता, आणि तो जे शोधत होता ते माझ्या उजव्या मुठीत घामानं ओलं झालं होतं.

फौजदार पाणी प्यायला उठले तेव्हा मी दादाजवळ जाऊन बसलो. "थकला असशीन, मी माती वढतो," म्हणालो. दोन्ही हातांनी बाजूची माती ढिगावर लोटली. त्यात मूठ उघडली.

दादाचं सूप क्षणभर थांबलं. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. मग तीच माती सुपात घेतली. त्याच सुपात तुकडा निघाला. त्यानं तो तळहातावर घेतला, उन्हात धरला, बराच वेळ पाहिला.

"सापडला, साहेब," तो म्हणाला. आवाजात आनंद नव्हता. मला वाटलं थकला आहे.

संध्याकाळी कोतात आम्ही चौघे होतो. फौजदार, कोत हवालदार, दादा आणि मी. म्हाताऱ्यानं सुतळीचा चष्मा लावला, मोडका आकडा खाचेतून काढायला गेला तर तो निघेना. पातळ पेचकस घालून उचकटला तेव्हा खाचेतून डिंकाची पापडी निघाली. म्हाताऱ्यानं ती नाकाशी नेली. मग दस्त्याचं झाकण उघडलं, पितळी कुपी काढली, तिच्या बुचाला असलेल्या दांडीवरचा थेंब तळहातावर घेतला आणि तो तळहात माझ्या नाकासमोर धरला.

"सांग. काय हाय हे?"

रायफल माझी, कुपी माझी. न सांगून जाणार कुठे होतो? तरी मी एकदा दादाकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या रायफलींच्या रांगेकडे पाहत होता.

"जवस," मी म्हणालो. "तेल माझं आहे, साहेब. आणि दादाले तळवा हाण, असं मीच म्हटलं होतं."

"काहून घातलं?" म्हातारा म्हणाला.

"लाकडाले चालते, तर लोखंडाले काहून नाही चालत?"

अशा वेळीही मी भांडत होतो. म्हाताऱ्याला राग यायला हवा होता, पण तो हळू बोलला. "लाकूड पिते बे. लोखंड पीत नाही. वरच बसते, अन् वाळते."

मग त्यानं तो तुकडा चिमटीत धरला. "खाचेत इतका डिंक, अन् तुकडा असा चांदीवानी. हे कसं गा?"

दादा अजून भिंतीकडेच पाहत होता.

"मातीत घासला असन," मी म्हणालो.

म्हाताऱ्यानं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे पाहिलं, आणि तुकडा कागदाच्या पुडीत बांधला. फौजदारांनी अहवाल लिहिला. चुकीचं तेल वापरल्यामुळे भाग मोडला, चालवणाऱ्याचा दोष नाही. मला महिनाभर जादा पहारा लागला आणि रायफल काढून घेतली. तिच्या बदल्यात जी मिळाली तिच्या दस्त्याला तडा होता. परेडवर सगळ्यांसमोर माझ्या नावानं सुनावलं गेलं. पन्नास माणसांनी तेही ऐकलं. आणि मला सांगायला हरकत नाही, ते माझ्यानं सोसलं गेलं. मी समजत होतो तेवढं ते जड नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर दादाला फीत लागली. त्यानं सगळ्यांना पेढा दिला, मलाही दिला. पण त्या दिवसापासून त्यानं मला कधी पाटील म्हटलं नाही. नावानं हाक मारायचा, अदबीनं. माझे अर्ज लिहून द्यायचा, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. पुढे त्याची बदली तुमसरकडे झाली, माझी दुसरीकडे.

त्याला भेटायला मी गेलो तेव्हा तो निवृत्त होऊन दोन वर्षं झाली असतील. पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार. लाखांदूरला एसटीतून उतरून पुढे पायी गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो की या खेपेस सांगायचं. विटांच्या दोन खोल्या त्यानं बांधल्या होत्या. आई आता नव्हती, पण तिनं फीत पाहिली होती, हे त्यानं मला बसायच्या आधी सांगितलं. त्याची बायको आंगणात लाखोळीची डाळ निवडत होती. चहा ठेवायला ती उठली, तेव्हा तिच्या हातातलं सूप दादानं घेतलं आणि माझ्यासमोर बसून घोळायला लागला.

इकडचं तिकडचं बोललो. धान कसं झालं, कोण कुठे वारलं. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा पावसाबद्दल विचारलं. सुपाचा आवाज चालू होता. मग तो थांबला. सुपाच्या मागच्या कडेला एक बारीक काळा खडा राहिला होता. तो त्यानं चिमटीत उचलला, माझा उजवा हात ओढून घेतला, खडा तळहातावर ठेवला आणि माझी बोटं एकेक करून मिटवली.

"घे पाटील," तो म्हणाला. "तुह्या मुठीत बरोबर राह्यते."

सात-आठ वर्षांनी तो मला पाटील म्हणाला होता. मी म्हणालो, "काय म्हणून राहिला, दादा? मले नाही समजलं."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही. चांदमारीत जसं पाहिलं होतं, बोल्ट अडला तेव्हा मान वळवून, तसं. मी काय सांगतो याची वाट पाहत.

"काही नाही," सूप बाजूला ठेवत तो म्हणाला. "चहा पी."

मी चहा पिला. डाव्या हातानं पिला. त्यानं मला वेशीपर्यंत पोचवलं, पुढच्या बसची वेळ सांगितली. त्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तो गेला. मला निरोप मिळाला तेव्हा पंधरवडा उलटून गेला होता.

हे मी आज लिहितो ते माझ्या हातानं लिहितो, अर्ज लिहायला आता दादा नाही. वेळ लागतो, चुका होतात. त्या दिवशी त्याच्या आंगणात मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की दादा, तुकडा माझ्याजवळ होता आणि मी तुला घोळू दिलं. एवढे शब्द चौथी शिकलेल्या माणसालाही येतात.

त्या दिवशी लाखांदूरच्या स्टँडवर एसटीला वेळ होता, आणि खडा अजून माझ्या उजव्या मुठीतच होता. बस आली, मी खिडकीशी बसलो, कंडक्टर आला आणि त्यानं हात पुढे केला. तिकिटासाठी मला मूठ उघडावी लागली, तेव्हा मी ती उघडली.